मेश्राम बाईंचा उजवा डेस्कटॉप

मेश्राम बाईंना एक डेस्कटॉप आठ दिवसांपेक्षा जास्त सोसवत नसे. आमच्या विहाराच्या मागच्या खोलीत वाचनालय आहे, वाचनालयात एक कॉम्प्युटर आहे आणि त्या कॉम्प्युटरवर बाईंचं राज्य आहे. सरकारी कचेरीतून स्टेनो म्हणून निवृत्त झाल्या, त्याच आठवड्यात त्यांनी त्यावर लिनक्स घातलं. लिनक्समध्ये म्हणे आतली यंत्रणा तीच ठेवून वरचा डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची सगळी मांडणी, हवा तेव्हा बदलता येतो. ही सोय बाईंना कळायला नको होती.

एका सोमवारी मेनू खाली, पुढच्या सोमवारी वर, त्यापुढच्या सोमवारी गायब. ग्नोम, केडीई, एक्सएफसीई ही डेस्कटॉपांची नावं बाई लग्नाची स्थळं सांगावीत तशी सांगायच्या. "हा दिसायले देखणा हाय, पण खातो लय." खातो म्हणजे मेमरी, हे मला उशिरा कळलं.

एकदा मी मुलीचं परीक्षेचं प्रवेशपत्र छापायला गेलो, तर पडद्यावर नुसता निळा डोंगर.

"बाई, बटणं काहून काढली?"

"काढली नाही, लपवली. कोपऱ्यात माऊस नेऊन पाह्य ना गा!"

पाऊण तासाने प्रवेशपत्र निघालं. बाईंचं माहेर भिवापूरचं, म्हणून लोक त्यांच्या जिभेचा दोष तिथल्या मिरचीला देतात. मिरची बिचारी उगीच बदनाम.

शेवटी वाचनालयाच्या समितीने पाटी लावली: 'डेस्कटॉप बदलू नये.' बाईंनी त्या पाटीचा फोटो काढला आणि निळ्या डोंगराच्या जागी तोच पडद्यावर लावला.

या सगळ्यावर मनापासून हसणारे एकटे सहारेजी. ते कळमन्याच्या बाजारात दिवाणजी होते. निवृत्तीनंतर वाचनालयात बसून वस्तीतल्या लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचे.

गेल्या थंडीत सहारेजींना पक्षाघात झाला. जीव वाचला, पण डावा हात लुळा पडला आणि डावीकडचं जगच नाहीसं झालं. डोळे चांगले, पण डावीकडे काही आहे याची मेंदूला दखलच नाही. ताटातलं अर्धंच जेवायचे आणि भूक राहिली म्हणायचे. बरं वाटल्यावर एकदा वाचनालयात आले, पडद्यासमोर बसले.

"बाई, मशीन बिघडली. मेनूच नाही."

मेनू डाव्या कोपऱ्यात होता. आम्ही चौघं एकदम बोट दाखवायला धावलो. सहारेजींचा चेहरा उतरला. काठी घेऊन उठले, ते पुन्हा आलेच नाहीत.

बाई तीन दिवस त्या खुर्चीवरून हलल्या नाहीत. एक डेस्कटॉप लावायचा, काढायचा, दुसरा लावायचा. अखेर एकात मेनू, चिन्हं, घड्याळ, सगळं उजव्या कडेला आणून बसवता आलं. मी शहाणपणा केला. "बाई, सहारेजींचं वेगळं खातं उघडा ना. त्यांचा डेस्कटॉप त्यांच्यापुरता राहील."

बाई उसळल्या. "त्यायले वेगळं ताट वाढू? काही गरज नाही. सगळेच उजवीकडून जेवतीन!"

मग स्वतः घरी जाऊन त्यांना घेऊन आल्या. सहारेजी बसले. मेनू समोरच दिसला. उजव्या हाताने एकेक अक्षर दाबत शेजारणीचा रेशनकार्डाचा अर्ज पुरा केला.

त्यानंतर बाईंनी डेस्कटॉप बदलला नाही. सोमवारी त्यांची बोटं शिवशिवतात. नव्या डेस्कटॉपची वर्णनं वाचतात, उसासा टाकतात आणि पान बंद करतात. सहारेजी टाइप करायला लागले की बाई पेपर घेऊन त्यांच्या डाव्या बाजूला बसतात. सहारेजींचा डावा हात टेबलावरून घसरतो, त्यांना कळत नाही. बाई तो उचलून अलगद परत ठेवतात. तोंडातून शब्द काढत नाहीत. मेश्राम बाई आणि गप्प! वस्तीत कोणाला सांगितलं तर मलाच डॉक्टरकडे नेतील.

परवा सहारेजींनी टाइप करता करता मान वळवली, डॉक्टरांनी व्यायाम म्हणून सांगितलं होतं तशी, पार डाव्या खांद्यापर्यंत. आणि थांबले.

"बाई? तुमी कवा आल्या?"

"चार महिने झाले," बाई म्हणाल्या आणि पेपर तोंडासमोर धरला.

दुसऱ्या दिवशी पडद्यावरचं एक चिन्ह बोटभर डावीकडे सरकलेलं होतं. सहारेजींनी मान हळूहळू वळवत त्याचा शोध घेतला. बाईंचा पेपर उलटा होता, हे त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलं नाही. चिन्ह सापडलं. सहारेजी बाईंकडे वळून म्हणाले,

"अजून सरकवा जरासं. जमून राहिलं."