फुंका, मग बोला

नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत गांगुर्डे सरांच्या घरी गेलं की पहिल्यांदा हातात पेला यायचा. पाणी समजून कुणी तो तोंडाला लावला तर सर ओरडायचे, “पिऊ नका! फुंका!” पेल्यात चुन्याची निवळी असायची आणि तिच्यात पपईचा पोकळ देठ. माणूस लग्नाची पत्रिका द्यायला आलेला असो की विमा विकायला, सरांचा नियम एकच, “फुंका, मग बोला.”

सर विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते, म्हणजे फक्त शाळेतून. देठातून फुंकलं की निवळी दुधासारखी पांढरी व्हायची आणि सरांचा चेहरा खुलायचा. “हा तुमच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड. आता आगगाड्या, गिरण्या, सगळ्या जगाचा धूर मनात आणा. त्यातला केवढा तरी समुद्र पितो. मग त्याच्या पाण्याचं काय होत असेल?”

सत्तरच्या दशकाचा तो शेवट. लग्न करून मी नुकतीच सरांच्या शेजारी राहायला आले होते. समुद्र राहिला घाटाच्या पार खाली आणि आम्हा बायकांना काळजी नळाला पाणी कधी येतं याची. मी तसं म्हणूनही पाहिलं. सर म्हणाले, “नळ उद्या दुरुस्त होईल गं. समुद्र कोण दुरुस्त करणार?”

“समुद्र आंबट झाला का हो सर?” असं कॉलनीतली मुलं चिडवायची. सर रागवायचे नाहीत, चूक तेवढी सुधारायचे. “आंबट नाही रे, आम्लाकडे सरकतोय. चिमूटभर. पण शिंपल्याला चिमूटही कळते.”

वरच्या मजल्यावरचे पवार मनमाडचे, रेल्वेत कोळशाच्या इंजिनावर होते. सर त्यांना जिन्यातच गाठायचे. “पवार, आज किती कोळसा जाळलात?”

पवार हात जोडायचे. “सर, धूर लय होतो, मान्य हाय. पण गाडी काय तोंडानं फुंकून नेऊ का?”

यावरही सर गंभीरपणे विचार करत घरात जायचे.

पेला पांढरा झाला की लोक “वा!” म्हणायचे आणि काम सांगून सटकायचे. सर दारापर्यंत मागे यायचे. “अजून फुंकलं असतं तर पुढे खरी गंमत होती हो.” पण ती गंमत बघायला कोणी थांबत नसे.

एका दुपारी मी शेवयांची खीर द्यायला गेले होते. फुंकून झालं, पेला पांढरा झाला आणि मी सहज विचारलं, “सर, पुढे काय होतं?”

सर खुर्चीत एकदम सरळ बसले. “फुंकून बघ.”

मी फुंकत राहिले. गाल दुखले, कान तापले, मधेमधे थांबून दम घेतला. हळूहळू पांढरेपणा विरळ झाला आणि शेवटी पेल्यातून पलीकडची खिडकी स्वच्छ दिसायला लागली.

“अय्या! पांढरं गेलं कुठे?”

“विरघळलं. तुझ्या श्वासाने आधी खडू तयार झाला, मग जास्त झालेल्या श्वासानेच तो विरघळला. शिंपले अशाच खडूचे असतात. समुद्रात हा वायू फार झाला तर त्यांनाही जड जाईल.”

इतकं बोलून ते भिंतीवरच्या बाईंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, फोटोकडे बघत राहिले. बाई मी राहायला येण्याआधीच गेल्या होत्या.

“हिला छातीचा आजार. डॉक्टरांनी रोज पाण्यात नळीने फुंकायला सांगितलेलं. हिला त्याचा भारी कंटाळा. म्हणून मी पाण्याच्या जागी निवळी ठेवली. पांढरी झाली की टाळ्या पिटायची. समुद्राचं खूळ माझं नाही, हिचं. ‘मग शंखांचं काय होत असेल हो?’ म्हणायची. आणि रोज विचारायची, पुढे काय होतं?”

“तुम्ही सांगितलंत?”

“नाही. म्हटलं, तूच फुंकून बघ. सांगितलं असतं तर तिने फुंकणं सोडलं असतं. तिचा श्वास पांढऱ्यापर्यंतच पुरायचा.”

माझे डोळे भरून आले. “मग नंतर तुम्ही स्वतः कधी फुंकलंत, इथपर्यंत?”

“एकट्याने नाही जमलं.”

सर उठले. माझ्या हातातला पेला घेऊन त्यांनी तो फोटोसमोर उजेडात धरला आणि वर्गात बोलावं तशा स्पष्ट आवाजात म्हणाले, “हे बघ. पुढे असं होतं.”