अभिप्राय आणि दाढ

डॉक्टरांचा मेसेज वाचून तिने असे दातओठ खाल्ले, की उजवीकडची दाढ कटकन तुटली.

घरी बसून लोकांना ॲप बनवून देणारी ती बाई एरवी शांत स्वभावाची. पण दातांच्या दवाखान्यासाठी महिनाभर खपून अपॉइंटमेंटचं ॲप करावं, आणि ज्यांचा चेहराही कधी पाहिला नाही त्या डॉक्टरांनी लिहावं, "हे ॲप आहे की परीक्षा? माझा पेशंट एक वेळ दोरा बांधून स्वतःचा दात उपटेल, पण यातून नंबर लावू शकणार नाही!"

"काय उत्तर दिलंस मग?" नवऱ्याने विचारलं.

"उंऽऽ," गाल धरून ती म्हणाली.

जवळचा दातांचा दवाखाना नेमका बंद. नवरा चाचरत म्हणाला, "तुझ्या त्या डॉक्टरांकडेच जा ना. त्यांनी तुला कुठे पाहिलंय?"

"मेले तरी जाणार नाही!"

दुपारपर्यंत दाढेने तिला तयार केलं. एका हाताने गाल दाबून तिने स्वतःचंच ॲप उघडलं. त्याने आधी मधलं नाव विचारलं, मग पिनकोड, मग पहिल्या शाळेचं नाव. पासवर्डमध्ये आकडा हवा. दिला. चिन्हही हवं. तेही दिलं. तेवढ्यात वेळ संपली आणि सगळं पुसून गेलं.

"कुठल्या गाढवाने बनवलंय हे!" ती कळवळून ओरडली.

नवऱ्याने पेपरात डोकं खुपसलं. समजूतदार माणूस.

शेवटी ती तशीच दवाखान्यात जाऊन थडकली. तिचा सुजलेला गाल बघून डॉक्टरांनी नावगावही न विचारता तिला खुर्चीत बसवलं. प्रेमळ, वयस्कर गृहस्थ. तोंडात कापूस कोंबता कोंबता म्हणाले, "नंबर लावता आला नाही ना? आमचं ॲपच तसलं आहे."

"आँ," ती म्हणाली.

"पण बनवणाऱ्या मुलीला मी फारच लागेल असं लिहिलं हो. सकाळपासून तिचं उत्तर नाही. रागावली असेल?"

तिने जोरात मान डोलावली.

"माफी मागू?"

तिने आणखी जोरात मान डोलावली.

"पण मला एक सांगा, मी लिहिलं ते चूक होतं का?"

ती छताकडे बघत राहिली. मग डोळे मिटून तिने हळूच नकारार्थी मान हलवली. दाढेपेक्षा ते जास्त दुखलं.

डॉक्टरांनी हातमोजा काढला आणि तिथेच उभ्याउभ्या फोनवर माफी लिहून पाठवली. तिच्या मांडीवरच्या पर्समध्ये 'टिंग' वाजलं.

"अरे, एक ओळ राहिलीच," म्हणत त्यांनी पुन्हा पाठवलं. पर्स पुन्हा वाजली.

डॉक्टरांनी पर्सकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिचं तोंड उघडंच होतं. आता त्यांचंही.