गाडीतला बिछाना

मागची सीट काढून गाडीतच झोपायचं, हा बेत घड्याळजींनी जेवताना जाहीर केला, तेव्हा बायकोने फक्त पाण्याचा पेला त्यांच्या पुढ्यात सरकवला.

"लॉज नको की खोली नको," घड्याळजी म्हणाले. "तळ्याच्या काठी गाडी उभी केली की झालं आपलं घर. फोर व्हील ड्राइव्ह घेतली ती काय भाजी आणायला?"

दोन वर्षं ती गाडी भाजीच आणत होती. ती प्रसूतीच्या वॉर्डात नर्स होती. अकरा वर्षांत दोघं कुठे म्हणून गेले नव्हते, आणि या खेपेला मोठ्या मिनतवारीने तिला सहा दिवसांची रजा मिळाली होती. त्या रजेचं मातेरं होऊ नये, एवढंच तिचं मागणं होतं.

"पण जमेल ना?" तिने विचारलं.

"अगं, तीस वर्षं मी तांदळाच्या कणीएवढे स्क्रू काढतोय. हे तर अंगठ्याएवढे बोल्ट."

शनिवारी सकाळी घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद ठेवून घड्याळजी बाह्या सरसावून मागच्या अंगणात उतरले. सीट चार बोल्टांवर होती. तीन बोल्ट शहाण्या मुलासारखे निघाले. चौथा गंजलेला होता. घड्याळजींनी त्याला तेल पाजलं, हातोडीने गोंजारलं, आणि शेवटी पान्याने असा पिळला की त्याच्या डोक्याचे सगळे कोपरे जाऊन ते सुपारीसारखं गुळगुळीत झालं. मग कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलवावं लागलं. त्याने छिन्नी लावून दोन दणके दिले आणि बोल्ट निमूट बाहेर आला.

"मी सैल करून ठेवला होता," घड्याळजी म्हणाले.

"दिसतंय ना," गॅरेजवाला म्हणाला.

काढलेली सीट बैठकीच्या खोलीत भिंतीला लावली. घड्याळजींचे वडील आप्पा ऐंशीला टेकले होते आणि कानाला यंत्र लावत. त्यांनी सीटवर बसून बघितलं, मग आडवं होऊन बघितलं, आणि ती आता परत गाडीत जाणार नाही असं सांगून टाकलं.

सीटच्या जागी सुताराने प्लायवूडची जाड फळी बसवून दिली. घड्याळजींची मापं मिलिमीटरमध्ये होती, त्यामुळे ती काडीचंही अंतर न सोडता बसली. सहा फूट लांबी मिळावी म्हणून पुढच्या दोन्ही सीट पार पुढे ढकलून त्यांच्या पाठी स्टिअरिंगवर कलंडवल्या होत्या. त्या मागे घ्यायच्या कड्या फळीखाली गेल्या; गाडी चालवताना फळीचा पुढचा तुकडा बाहेरून काढून ठेवायचा होता, आणि झोपलेल्या माणसाला कड्या कशाला लागतात? फळीवर चार बोटं जाडीची गादी आली. मागचं दार आतून ओढून घेता यावं म्हणून घड्याळजींनी स्वतःच्या हाताने दोरी बांधली.

सोमवारी पहाटे निघायचं होतं. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर घड्याळजी म्हणाले, "चल, एकदा झोपून बघू."

"भर दुपारी? अंगणात?"

"घड्याळ दुरुस्त केलं की आपण चालवून बघतो की नाही?"

दोघं मागच्या दाराने आत शिरले. घड्याळजींनी दोरी ओढली. दार खट्ट करून इतकं झकास बसलं की त्यांनी बायकोकडे अभिमानाने पाहिलं.

"छान," ती म्हणाली. "आता हे आतून उघडतं कसं?"

घड्याळजींनी दारावरून हात फिरवला. आतल्या बाजूला कडी नव्हती. किल्ली बाहेर, दाराच्या कुलपातच लटकत होती. बाजूच्या दोन्ही दारांना आधीच्या मालकाने मुलांसाठी आतून न उघडणारी कळ लावून ठेवली होती. पुढच्या सीटवरून पलीकडे जावं म्हणून घड्याळजी डोक्याने घुसले, खांद्याशी अडकले, आणि बायकोने पाय ओढून त्यांना परत आणलं.

"काचा चार बोटं उघड्या आहेत," ते सावरून बसत म्हणाले. "किल्लीशिवाय आणखी खाली येणार नाहीत, पण हवेची चिंता नाही. हाक मारू?"

"खबरदार. अख्खी गल्ली जमेल. उद्या वॉर्डात माझ्याच गोष्टी चालतील."

तेवढ्यात शेजारच्या वहिनी वाळलेले कपडे काढायला आल्या. गाडीत गादी, गादीवर नवरा-बायको, आणि नवरा काचेतून हात हलवून बोलावतोय, एवढं त्यांनी पाहिलं. मान खाली घालून त्या अर्धे कपडे तसेच टाकून आत गेल्या आणि त्यांनी अंगणाकडची खिडकी लावून घेतली.

मग बायकोने पर्समधून मोबाइल काढून घरी फोन लावला. आप्पांनी झोपायला म्हणून कानातलं यंत्र काढून ठेवलं होतं.

"आप्पा, आम्ही गाडीत आहोत," ती शक्य तितक्या मोठ्याने म्हणाली.

"निघालात पण? बरं झालं, अंधाराच्या आत पोचाल. इकडची काळजी करू नका." आणि फोन ठेवला गेला. नंतर तो कोणी उचललाच नाही.

बायको आडवी झाली.

"एक सांगू? रागावू नका."

"बोल."

"मी तिथल्या लॉजवर खोली सांगून ठेवली आहे. सहाही रात्रींची. म्हटलं, तुम्ही एक रात्र हौस करून घ्याल, मग..."

घड्याळजींना ते फार लागलं. "म्हणजे तुझा माझ्यावर भरवसाच नाही," ते म्हणाले. वळून पाहतात तर ती झोपली होती. पाळ्यांच्या नोकरीने तिची झोप कधीच पार विस्कटली होती. घरात ती भांडं वाजलं तरी उठून बसे. इथे मात्र तोंड किंचित उघडं टाकून ती लहान मुलासारखी झोपली होती. आता हाक मारायची सोयच उरली नाही.

तासभर घड्याळजी तिच्या शेजारी पडून राहिले. गादीखालची फळी त्यांच्या पाठीला मणका मणका मोजत होती. शेवटी ते गुडघ्यांवर बसले. खिशात नेहमीचा छोटा स्क्रूड्रायव्हर होता आणि डोळ्याला लावायचं भिंग होतं. मागच्या दाराच्या आतल्या पत्र्याला अकरा बारीक स्क्रू होते. भिंग डोळ्याला लागलं आणि घड्याळजींचा हात स्थिर झाला. एकेक स्क्रू काढून त्यांनी रुमालावर ओळीने मांडला, पत्रा अलगद उतरवला, आतल्या सळया नीट न्याहाळल्या, आणि त्यातली नेमकी एक नखाएवढी वर उचलली. दार आवाज न करता उघडलं.

समोर, झाडाच्या सावलीत, गाडीचीच सीट मांडून आप्पा आणि त्यांचे दोन मित्र ओळीने बसले होते. हातात चहा होता.

"कधीपासून बसलात?" घड्याळजींनी विचारलं.

"अर्धा तास झाला असेल," आप्पा म्हणाले. "हाक मारणार होतो, पण म्हटलं कामात आहेस."

"दार उघडायचं होतं ना, आप्पा. किल्ली बाहेरच आहे."

"तुझ्या कामात हात घातलेला तुला चालत नाही."

आवाजाने बायको जागी झाली. तिने आळस दिला, उघड्या दाराकडे पाहिलं, ओळीने मांडलेल्या स्क्रूंकडे पाहिलं. मग तिने मोबाइल घेतला.

"लॉज ना? उद्यापासूनची खोली सांगितली होती. हो, ती रद्द करा. सगळ्या रात्री. नाही, नको. आमची सोय झालीय, फार चांगली."

घड्याळजी तोपर्यंत गाडीतून उतरले होते, पण कमरेत सरळ होत नव्हते. तसेच वाकून, दाराला धरून ते बायकोकडे बघत राहिले.

"सगळ्याच रात्री रद्द केल्यास?"

"मग? असं सुख कुठल्या लॉजवर मिळणार?" ती म्हणाली. "भरवसा नाही म्हणत होतात ना?"

"नाही, ते ठीकच केलंस," घड्याळजी ठामपणे म्हणाले आणि एका हाताने कंबर धरून आप्पांच्या शेजारी, मऊ सीटवर हळूच टेकले. "आप्पा, थोडे सरका."