गुडाखूच्या डबीचं शटडाउन

तेजराम सकाळी प्लँटच्या रिसालीतल्या क्वार्टरात मोरीपाशी बसून बोटाने दातांना गुडाखू घासत होता आणि थुंकी लालभडक आली. तंबाखू-गुळाचा तो काळा लगदा तोंडात फिरवल्याशिवाय त्याची ड्यूटी सुरूच होत नसे. विश्वकर्मा पूजेला दहाच दिवस उरले होते. प्लँटातल्या त्याच्या शॉपमधला, म्हणजे खात्यातला, पूजेचा नारळ बारा वर्षं तोच दातांनी सोलायचा. एका वर्षी त्याने पहिली शेंडी उपटली आणि प्लँटचा भोंगा आपोआप वाजला, असं शपथेवर सांगणारे आजही सापडतील.

"जरासा लीकेज आहे. पूजा झाली की पाहू," तो बायकोला म्हणाला.

"लीकेज?" कौशल्या कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "प्लँटात तेलाचा थेंब गळला तं तुमी अख्खी मशीन बंद करता. अन् इथं रक्त गळून राहिलं तं पूजेनंतर?"

"मशीनचा पार्ट लवकर भेटत नाही व!"

"अन् दात सुपेल्याच्या बाजारात भेटते का जी?"

तेजराम सायकल काढून ड्यूटीवर गेला. संध्याकाळी परत येऊन पाहतो तर काय, गुडाखूच्या डबीला लाल टॅग! प्लँटात बंद मशीनच्या स्विचला बांधतात तोच. "काम चालू आहे, हात लावू नये." खाली सही, कौशल्या.

आता टॅगचा नियम असा, की ज्याने बांधला त्यानेच सोडायचा. मोठ्या साहेबानेही हात लावायचा नाही. हा नियम वीस वर्षं नव्या पोरांना टेबल आपटून शिकवणारा माणूस म्हणजे खुद्द तेजराम. त्याचा हात तीनदा गाठीपर्यंत गेला, तीनदा परत आला.

"सोड ना व. डोकं भणभणून राहिलं."

"आधी दाताच्या डॉक्टरची चिठ्ठी. मंग टॅग निघन."

तेजराम शेजारच्या चिंधूकडे धावला. "जराशी डबी दे गा."

"कुठून देऊ, भाऊ? माह्या डबीलेबी टॅग! तुमी उसनी मागसान म्हणून वहिनीनं अख्ख्या लाइनीचं शटडाउन घेतलं. कावून आमाले मारून राहिले? जा ना एकदाचे!"

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. गुडाखूविना चेहरे उतरलेले लाइनीतले अकरा जण तेजरामला मधोमध घालून सायकलींवर सुपेल्याला निघाले. चौकातल्या हवालदाराने मोर्चा समजून दोन बसगाड्या अडवल्या.

डॉक्टर वसुंधराबाईंनी तोंडात आरसा घातला. दारात अकरा माना लांबल्या.

"दात जाते का जी?" तेजरामने आ वासूनच विचारलं.

"वेळेवर आलात. हिरड्या सुजल्यात, दातांवर किटण साचलंय, पण हाडापर्यंत गेलेलं नाही. साफ करून देते. रोज नीट ब्रश करा आणि गुडाखू कायमची बंद. वर्षभर थांबला असतात, तर दात हलायला लागले असते."

"अन् नारळ?"

"नारळ कोयत्याने सोलतात."

दारातले अकराही जण खो खो हसले. बाईंनी तिकडे निरखून पाहिलं. "तोंडं उघडलीच आहेत, तर बसा रांगेत."

चिंधूचा एक दात बोट लावताच हलला. त्याचं हसू तिथेच थांबलं.

"घरी आणखी कोणी गुडाखू लावतं का?" बाईंनी जाताना विचारलं.

"कोणी नाही जी," तेजराम छाती काढून म्हणाला.

कौशल्याने चिठ्ठी वाचली, नियमाप्रमाणे टॅग सोडला आणि डबी सरळ कचऱ्यात टाकली. "घ्या, शटडाउन खतम!" असं म्हणून ती तोंडावर पदर धरून हसली. दहा वर्षं ती अशीच हसायची. ती लाजते, असं तेजरामला वाटायचं. आज तो पदराकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिला.

पहाटे कौशल्याने तांदळाच्या डब्यामागे सवयीने हात घातला आणि किंचाळली. तिच्या चोरून ठेवलेल्या गुडाखूच्या डबीला लाल टॅग होता. सही, तेजराम.

मोरीपाशी नव्या ब्रशने तोंडभर फेस काढलेला तेजराम वळलाही नाही.

"ज्यानं बांधला तोच सोडन," तो म्हणाला. "डॉक्टरीणबाई नवाले बसते. सायकल पुसून ठेवली आहे."