रायफल पेटीत, किल्ली पोस्टात

मंडळी, नियम पाळण्यात मोंटानातल्या आख्ख्या डिलन गावात माझा हात धरणारा कोणी नाही! माझी बायको आर्डिथ म्हणायची, "तू रिकाम्या रस्त्यावरसुद्धा वळताना इंडिकेटर देतोस. कोणाला दाखवतोस रे, गाईंना?" आणि खो खो हसायची. या वसंतात ती गेली. तेव्हापासून घरात मला हसणारं कोणी नाही.

तिच्या मागे राहिली तिची रायफल. दुकानातली नव्हे! सुटे भाग मागवून, स्वयंपाकघराच्या टेबलावर घासून-पुसून तिने स्वतः जुळवलेली. ते काम चाललं तोवर आम्ही मांडीवर ताट घेऊन जेवायचो. आता कपाट उघडलं की ती रायफल माझ्याकडे बघत बसते. म्हणून ठरवलं, विकून टाकायची. गिऱ्हाईक घरचंच होतं. आर्डिथचा धाकटा भाऊ व्हर्लिन, राहणार शेजारच्या आयडाहो राज्यातलं सॅमन.

"दाजी, या की घेऊन सरळ घरी!" तो फोनवर म्हणाला. "घरातल्या घरात कसला आलाय कायदा?"

"अरे शहाण्या, मी मोंटानात, तू आयडाहोत. मधे परवाना असलेला दुकानदार लागतो, तोही तुझ्या राज्यातला."

"आणि घरी जुळवलेली विकता येते?"

"तिने स्वतःसाठी जुळवली होती, विकायला नाही. करून विकायचा धंदा मांडला तर परवाना लागतो. मला सगळं तोंडपाठ आहे!"

ने-आण करायचे नियमही तोंडपाठ. रायफल रिकामी हवी आणि चालवणाऱ्याच्या हाताशी नको. माझ्या पिकअपला डिकी नाही, म्हणून ती कुलूपबंद पेटीत हवी. आर्डिथच्या कोंबड्यांच्या खुराड्याचं भलंमोठं कुलूप पेटीला घातलं. मग डोक्यात आलं, किल्ली तर माझ्याच खिशात! म्हणजे रायफल हाताशीच आली की! लगेच किल्ली लिफाफ्यात घातली आणि व्हर्लिनला पोस्टाने पाठवून दिली. आहे की नाही अक्कल?

किल्ली पोचेल अशा बेताने मी सकाळी निघालो आणि खिंडीतल्या खडीच्या रस्त्याने धुरळा खात सॅमनला पोचलो. नेवाबाईंच्या बंदुकांच्या दुकानात पेटी ठेवली.

"उघडा," नेवाबाई म्हणाल्या.

"किल्ली व्हर्लिनकडे आहे. येईलच तो."

तो आला नाही. त्याचा फोन आला.

"दाजी, आहात कुठे? मघापासून तुमचं दार बडवतोय!"

"माझं दार? डिलनला?"

"तर काय! आज किल्ली मिळाली. म्हटलं, दाजी दुःखात आहेत, चुकून पाठवली असेल. आता बिचारे पेटी कशी उघडणार? निघालो तसाच, डांबरी रस्त्याने."

"अरे, मी तुझ्या गावात बसलोय!"

पलीकडून व्हर्लिन जे बोलला ते इथे लिहिता येणार नाही.

"कटरने तोडू कुलूप?" नेवाबाईंनी विचारलं.

"नको! तिच्या कोंबड्यांचं आहे ते."

त्यांनी हकलबेरी नावाच्या रानफळांच्या पेस्ट्रीचा तुकडा माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, "बाबा, किल्ली खिशात असली तरी चालतं हो. पेटी बंद असली की झालं."

मी पेस्ट्रीचा मोठा घास तोंडात कोंबला.

ऊन उतरताना व्हर्लिन आला. तोंड उकडलेल्या बीटासारखं झालेलं! पण पेटी उघडली आणि त्याचा आवाज एकदम खाली आला. "ताईने काय चकाकवलीय!"

"माझ्या शर्टाने," मी म्हणालो. "नवा होता."

नेवाबाईंनी रायफल दिव्याखाली फिरवली. "हिच्यावर सीरियल नंबर नाही."

"घरची आहे. स्वतःपुरती केलेलीला लागत नाही."

"तिला नव्हता लागत. पण मी दुकानाच्या वहीत जमा करून घेतली की मला कोरावा लागतो. धातूत, चांगला खोल." त्यांनी बोट टेकवलं. "इथे."

माझा हात जाऊन त्या जागेवर बसला.

"बाबा, हात काढा."

"काढतो," मी म्हणालो. हात काही हलेना.

"दाजी?"

"विकायची नाही," मी म्हणालो.

"दाजी! आख्खा दिवस गाडी हाणलीय मी! आणि एल्क हरणाच्या शिकारीला काय काठी घेऊन जाऊ?"

"उसनी द्या की!" नेवाबाई म्हणाल्या. "शिकारीपुरती उसनी दिली तर परराज्यातल्या माणसालाही चालते. मी अजून जमा करून घेतलेली नाही."

हा नियम मला ठाऊकच नव्हता!

व्हर्लिनने रायफल हळूच आपल्या पिशवीत सरकवली. "थँक्सगिव्हिंगच्या सणाला परत आणतो, दाजी. जेवायलाच येतो."

"ये. टेबल मोकळंच आहे."

रिकामी पेटी पिकअपमध्ये टाकून मी परत निघालो. डिलनच्या अलीकडे पोलिसाने थांबवलं. तरणाच होता.

"काका, मागचा दिवा बंद आहे. पेटीत काय आहे?"

"काही नाही."

"मग एवढं कुलूप?"

सवयीने दाबून टाकलं होतं हो!

"उघडा बघू."

"किल्ली मेहुण्याच्या खिशात राहिली. आयडाहोत."

त्याने पेटी उचलली, हलवली, कानाला लावली. "काका, रिकाम्या पेटीला कुलूप लावायचा नियम आहे का?"

मी तोंडपाठ असलेले सगळे नियम मनात म्हणून पाहिले.

"नाही," मी म्हणालो.

तो पिकअपला टेकून इतका हसला, इतका हसला, की त्याची टोपी खाली पडली. दिव्याचा दंडही करायचा राहिला. मी निघालो आणि वळताना इंडिकेटर दिला, तर मागून पुन्हा हसू ऐकू आलं.

बरं वाटलं.