फक्त बारा आठवडे

आरोग्य केंद्राच्या मोठ्या सिस्टरांनी शिट्टीच्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली, टेबलाच्या खणात टाकली आणि खणाला कुलूप लावलं, तशी ती गयावया करू लागली.

"अहो सिस्टर, ती गळ्यात नसली की मला बोलायलाच सुचत नाही."

"म्हणूनच काढली," सिस्टर म्हणाल्या. "उद्या तुम्हाला बोलायचंच नाहीये."

शिट्टी गेली सात वर्षं एका व्यायामशाळेत लोकांचा घाम काढत होती. गळ्यातल्या शिट्टीवरून सगळे तिला शिट्टीच म्हणत; तिचं खरं नाव तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. वस्तीतल्या आरोग्य केंद्राने व्यायाम सल्लागार तयार करायचा वर्ग काढला, तेव्हा पहिला अर्ज तिचाच होता. ज्यांना व्यायामशाळा परवडत नाही, ज्यांना डॉक्टर घाईघाईत "चालत जा, वजन उतरवा" म्हणतात आणि पुढच्या पेशंटला हाक मारतात, अशांच्या घरी जायचं आणि त्यांना झेपेल असा व्यायाम बसवून द्यायचा, असं ते काम. नाडी, साखर, सांधे, पाठ, सगळ्यात शिट्टी पहिली आली. एकाच विषयात दोनदा नापास झाली. तो विषय होता 'ऐकणे'.

सरावाला सिस्टर स्वतः पेशंट झाल्या होत्या. त्यांनी "माझा गुडघा" एवढंच म्हटलं आणि शिट्टीने त्यांना भिंतीला पाठ टेकवून वीस बैठका काढायला लावल्या. दुसऱ्या दिवशी सिस्टर रजेवर होत्या.

"हे बघा," त्या आता बोट नाचवत म्हणाल्या, "पहिल्या भेटीत फॉर्मवरचे प्रश्न विचारायचे, मान डोलवायची, प्रेमाने बोलायचं. सल्ला द्यायचा नाही. एक सल्ला तोंडातून निसटला, तर वर्गातून नाव कमी."

आणि पेशंट कोण दिला? तर मिक्सरवाले काका!

काकांचं दुकान तळमजल्यावर आणि घर दुकानाच्या मागे. मिक्सर, इस्त्र्या, टेबलफॅन दुरुस्त करायचे. हातात जादू होती, पण ढुंगण स्टुलावरून हलत नव्हतं. दुरुस्तीला आलेली वस्तू आत जायची ती जायचीच. गिऱ्हाईक चकरा मारून दमायचं, नवीन वस्तू घ्यायचं आणि जुनी विसरून जायचं. वजन पंचाण्णव, साखर तीनशेच्या वर. काकूंनी विनवून झालं, डॉक्टरांनी ओरडून झालं. काका पालथ्या घड्यासारखे स्टुलावर तसेच.

शिट्टी दुकानात शिरली आणि काकांची ती वाकलेली पाठ बघून तिच्या जिभेला खाज सुटली. सल्ला चुकूनही बाहेर पडू नये म्हणून तिने ओठ असे काही घट्ट मिटले, की चेहरा सांत्वनाला आलेल्या माणसासारखा झाला.

"बसा," काका म्हणाले. "काय सांगायला आलात?"

"काही नाही. विचारायला आलेय." तिने फॉर्म उघडला. "तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते?"

"कशाची म्हणजे? तशी काही नाही."

"घरात तुम्हाला आधार कुणाचा?"

"हिचाच की." काका आतल्या दाराकडे बघत म्हणाले. काकू हात पुसत बाहेर आल्या होत्या.

"आणि यांना आधार कुणाचा?"

काकांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. शिट्टीने हळूच पुढचा प्रश्न वाचला. "मनात असून आयुष्यात राहून गेलं, असं काही काम आहे का?"

काका खाकरले. "बाई, डॉक्टर काही बोललेत का तुमच्याकडे?"

"मला काही सांगायची परवानगी नाही हो," शिट्टी कळवळून म्हणाली. सांगण्यासारखं इतकं होतं, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

काकू भिंतीला धरून खाली बसल्या.

"मी मनाचा घट्ट आहे," काकांचा आवाज मात्र बारीक झाला होता. "स्पष्ट विचारतो. किती?"

शिट्टीला हायसं वाटलं. ही माहिती द्यायला मनाई नव्हती. "बारा आठवडे."

"आणि मग?"

"मग फाइल बंद." सिस्टरांनी शिकवलं होतं तसा तिने काकांच्या हातावर मायेने हात ठेवला आणि ती निघाली. केंद्रावर पोचेपर्यंत तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

"एकही सल्ला दिला नाही?" सिस्टरांना खरं वाटेना. "शाबास! असंच करत जा."

इकडे काकांनी शटर अर्धं ओढलं आणि मांडणीकडे बघितलं. एकसष्ट वस्तू होत्या, सगळ्या लोकांच्या.

"हे असंच टाकून वर गेलो," ते काकूंना म्हणाले, "तर वरही दारातच विचारतील, अमकीच्या मिक्सरचं काय झालं म्हणून."

चार दिवस काका मान वर न करता खपले. जे वर्षानुवर्षं जमलं नव्हतं ते एकेका तासात जमलं. पाचव्या दिवसापासून ते वस्तू पोचवायला निघाले. आसपासच्या एकाही इमारतीला लिफ्ट नव्हती. एका हातात मिक्सर, दुसऱ्या हातात इस्त्री, काखेत पंखा. दर जिन्यावर तीनदा थांबायचे, छातीवर हात ठेवायचे, 'झालं, आलीच वेळ' म्हणायचे आणि पुढच्या पायरीवर पाय टाकायचे.

चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडलं आणि त्या किंचाळल्याच. "अय्या! हा तर माझ्या लग्नातला मिक्सर! अहो, मुलगी कॉलेजात गेली आता."

"माफ करा वहिनी. सगळं आवरतोय."

"आवरताय? दुकान विकताय की काय?"

काकांनी वर बोट दाखवलं. वर पाचवा मजला होता, पण बाईंना काय कळायचं ते कळलं.

संध्याकाळपर्यंत साऱ्या वस्तीला कळलं होतं. लोक भेटायला येऊ लागले, पण ज्याला भेटायचं तो कुणाच्या तरी जिन्यावर. कुणी म्हणालं, "काका, आता आमच्याकडे नवीन आहे, राहू द्या," तर काका म्हणायचे, "जाणाऱ्याचं ओझं ठेवून घ्या हो." मग कोण नाही म्हणतो? काकांची गोड खायची वासनाच उडाली होती. बिस्किटांचा डबा काकूंनी समोर ठेवला, तर त्यांनी तो शेजारच्या मुलांना देऊन टाकला.

तीन आठवड्यांनी दुसरी भेट आली. आता सल्ला द्यायला मोकळीक होती. शिट्टीने दोन वह्या भरून सल्ले आणले होते. परीक्षक म्हणून मोठ्या सिस्टरही बरोबर होत्या. दुकानातली मांडणी रिकामी. बाकावर चार शेजारी माना खाली घालून बसलेले. काकूंचे डोळे सुजलेले. तेवढ्यात काका आले. शर्ट अंगावर झोळण्यासारखा लोंबत होता.

"शेवटचा पंखा देऊन आलो," ते म्हणाले. "आता मी मोकळा."

शिट्टीने त्यांना काट्यावर उभं केलं. "काका! पाच किलो उतरले!"

"बघितलंस?" काका काकूंना म्हणाले. "वितळत चाललोय."

तिने बोटाला सुई टोचली, यंत्राकडे बघितलं आणि टुणकन उडी मारली. "तीनशेवरून एकशेअठ्ठेचाळीस!"

"साखरही संपत आली," काका म्हणाले. काकूंना हुंदका आवरेना.

"मी नऊ धरतोय, बाई," काका बोटं मोजत म्हणाले. "बरोबर ना?"

"अगदी बरोबर! नऊच राहिले!" शिट्टी खुशीत येऊन म्हणाली.

बाकावरचे एक आजोबा ताडकन उठले. "अहो, हसताय काय? माणूस चाललाय तुमच्यासमोर!"

सिस्टरांनी चष्मा सारखा केला. "एक मिनिट. काका, नऊ आठवडे कशाचे?"

"माझे."

सिस्टरांनी वळून शिट्टीकडे बघितलं. मग शिट्टीने कपाळावर हात मारून घेतला. "अहो, तुमचे नाहीत हो! कार्यक्रमाचे! बारा आठवडे आम्ही तुमच्याकडे येणार, व्यायाम शिकवणार, आणि मग फाइल बंद!"

सिस्टरांनी सगळं पुन्हा एकदा, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. काका मरत नव्हते. उलट गेल्या दहा वर्षांत इतके धड ते कधीच नव्हते. काकू आधी हसल्या, मग रडल्या, मग हातातलं फडकं त्यांनी नवऱ्याला फेकून मारलं. एकसष्ट वस्तू दिल्यानंतर आता काका निवांत जगणार, हे ऐकून शेजारीही एकमेकांना टाळ्या देऊ लागले.

काका मात्र भडकले. "असं मारतात होय माणसाला?"

"मी एक शब्दही बोलले नाही हो," शिट्टी रडवेली झाली. याही वेळी नापास, हे तिला समोर दिसत होतं.

"तेच तर म्हणतोय मी!"

आणि एवढं बोलतात तोच काकांचा चेहरा एकाएकी पांढराफटक पडला. सिस्टर नाडी बघायला धावल्या. "काय होतंय?"

"फोन," काका पुटपुटले. "मी थोरलीला फोन केलाय."

थोरली म्हणजे काकूंची मोठी बहीण. आपल्यामागे काकू एकट्या पडतील, या काळजीने काकांनी आठ दिवसांपूर्वी तिला रडत रडत सांगितलं होतं, की आता कायमची इकडे राहायला या. शुद्धीवर असताना त्यांनी वीस वर्षांत तिला जेवायलासुद्धा बोलावलं नव्हतं.

"अहो, मग आता परत फोन करा ना," शिट्टी म्हणाली. तिचा हा पहिलाच अधिकृत सल्ला.

त्याला उशीर झाला होता. दारात रिक्षा थांबली. तीन ट्रंका, एक गादी आणि मागून थोरली उतरल्या. त्यांनी काकांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"हे काय? तुम्ही तर चांगले ठणठणीत दिसताय!"

"ताई!" काकू धावत जाऊन गळ्यात पडल्या.

"असू दे. मी भाड्याची खोली सोडून आलेय, आता मागे फिरायला जागा नाही." थोरली दुकानातून सरळ आत गेल्या. आतून आवाज येऊ लागले. "खिडकी बंद का? हा पलंग असा कोणी ठेवला? आणि तुम्ही हो, बाहेर काय उभे राहिलात, ट्रंक उचला!"

सिस्टरांनी शिट्टीला कोपरानं ढोसलं. "अहो, बघताय काय? आता द्या सल्ला."

शिट्टीने वही उघडून घसा साफ केला. "काका, रोज संध्याकाळी अर्धा तास पायी—"

काकांनी चपला कधीच पायात घातल्या होत्या.

"अर्धा कशाला? दोन तास लिहा," ते आतल्या दाराकडे बघत घाईघाईने कुजबुजले. "सकाळचे दोन वेगळे. रविवारीसुद्धा. आणि बाई, कागदावर द्या, खाली सहीशिक्का हवा. तोंडी सांगितलेलं त्या ऐकायच्या नाहीत."

शिट्टीने सिस्टरांकडे बघितलं. सिस्टरांनी मुकाट्याने पर्समधून शिक्का काढला.