खाटेच्या मापाची ओटी

आमचे शेजारी बाळारामदादा कोणाकडेही गेले की आधी पायऱ्या मोजतात, मग चपला काढतात. चारपेक्षा कमी भरल्या तर चहासुद्धा घेत नाहीत. "बुडनाऱ्या घरान बसू नये," म्हणतात. हातात बांबूची काठी, तिच्यावर विळ्याने पाडलेल्या खाचा. एकेक खाच म्हणजे एकेका पावसात खाडीचं पाणी कुठवर चढलं त्याची खूण. धामणकर नाक्यावरच्या नव्या इमारतीलाही त्यांनी ती लावून बघितली, वॉचमनने हाकललं.

एकदा तर काठी घेऊन माझ्या घरात शिरले आणि माझी खाटच मोजायला लागले. मी म्हटलं, "दादा, जिवंत आहे हो मी अजून."

"गप ऱ्हा गो वयनी," म्हणाले, काठीवर नवी खाच पाडली आणि गेले.

तेव्हा त्यांचा मुलगा दीपक जुनं घर पाडून बंगला बांधत होता. गाडी सरळ आत यावी म्हणून त्याला घर जमिनीलगत हवं होतं. दादांना हवं सात पायऱ्यांचं जोतं आणि पुढे रुंद ओटी. पाया भरायच्या दिवशी दादा खड्ड्यात खुर्ची टाकून बसले.

ठेकेदार म्हणाला, "चाचा, ऊपर आओ, माल सूख रहा है."

"पहले घर ऊपर लो, फिर मैं आता."

"बाबा, लोकं हसतात," दीपक.

"हसू दे. पानी आला का हसनारेच आपले दारान येतीन."

दुपारचा डबा मीच दोरीने खाली सोडला. संध्याकाळी दीपक हरला.

घर झालं, गाडी बाहेरच राहिली. त्याच वर्षीच्या पावसात खाडी फुगली. माझं घर दोन पायऱ्यांचं, आत गुडघाभर पाणी. दीपकनेच माझी खाट उचलून नेली. गल्लीतली सगळी माणसं ओटीवर जमलेली, म्हणून खाट आडवी टाकायला लागली. तरी भिंतीपासून कठड्यापर्यंत बरोब्बर बसली, वर बोटभर जागा उरली.

तेव्हा कुठे मला माझ्या खाटेची ती खाच आठवली. मागच्या मोठ्या पुरात आजारी सासूबाईंची खाट दादांच्या जुन्या ओटीवर अशीच आडवी टाकली होती, पण मावली नाही. त्यांचे पाय पागोळ्यांखाली भिजत राहिले. त्यानंतर त्या उठल्या नाहीत. दादांना कोणी बोल लावला नव्हता, आणि त्यांनीही कधी विषय काढला नाही.

मी आडवी झाले. दादांनी काठी भिंतीला टेकवली, वाकून माझ्या पावलांना हात लावून बघितला.

"सुके हायेत," म्हणाले, आणि पहिल्यांदा माझ्या हातचा चहा मागितला.